आजाराच्या नावाची शेवटची अक्षरे

आपल्या प्रत्येकाच्या घरी कागदांची एक पिशवी असते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा गादीखाली ती जपून ठेवलेली असते. तिच्यात रक्ततपासणीचे अहवाल असतात, सोनोग्राफीचे कागद असतात, रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेली कार्डे असतात. दवाखान्यात जाताना ती पिशवी आपण श्रद्धेने बरोबर नेतो आणि परत आल्यावर तितक्याच श्रद्धेने जागच्या जागी ठेवतो. आत काय लिहिले आहे, हे मात्र सहसा कोणी वाचत नाही. वाचले तरी ते मोठमोठे शब्द पाहून माणूस बिचकतो. हे शब्द निदान अर्धेमुर्धे कसे वाचावेत, यासाठी आजचा हा लेख आहे. तो लिहावा असे का वाटले, ते आधी सांगतो.

राजापूर तालुक्यातील नाटे हे माझे आजोळ. खाली समुद्र आणि मुसाकाजीचे बंदर, जवळच यशवंतगडाचे बुरूज आणि वर चढून गेले की उघडा जांभ्याचा सडा. काही वर्षांपूर्वी गणपतीसाठी आम्ही सारे तेथे जमलो होतो. आरत्या होत होत्या, मोदक वळले जात होते. पण घरावर एक सावट होते. धाकट्या मामींच्या दंडावर लिंबाएवढी मऊ गाठ होती. सुई घालून तिची तपासणी झाली होती आणि अहवालात ‘लायपोमा’ असा शब्द आला होता. मुंबईच्या एका नातलगांनी फोनवर सांगितले, “शेवटी ‘ओमा’ आहे, म्हणजे कर्करोगच तो.” झाले! मामींचे जेवण तुटले. कोकमांची बरणी कोठे आहे, पाटल्या कोणत्या सुनेला द्यायच्या, हे त्या हळूहळू सांगू लागल्या होत्या.

मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले. वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. पण शब्द फोडून पाहण्याची सवय आहे. ‘लिपोस’ हा ग्रीक शब्द चरबीचा वाचक. ‘लायपोमा’ म्हणजे चरबीची गाठ, आणि ती बहुधा निरुपद्रवी असते, एवढे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी राजापूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. मामी त्या रात्री पोटभर जेवल्या. घर हसू लागले. पिशवी बंद करताना त्याच पिशवीतला मामांचा एक जुना कागद माझ्या हाती आला. मामांना बारा वर्षांचा मधुमेह. कागदावर इतर मजकुरात ‘पेरिफेरल न्यूरोपथी’ असे दोन शब्द होते. मी ते वाचले, कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवून दिला. त्यात ‘ओमा’ नव्हते ना!

पुढे शिमग्यात मामा प्रथेप्रमाणे अनवाणी पालखीबरोबर फिरले. सडा तापलेला होता. पायाच्या बोटाखाली फोड आला, तो फुटला, चिघळला. मामांना काहीच कळले नाही, कारण काहीच दुखले नाही. मामींनी मोज्यावरचा डाग पाहिला तेव्हा आठवडा उलटून गेला होता. शेवटी ते बोट काढावे लागले. “दुखत नाय म्हणजे लागलंच नाय, असंच वाटलं रे मला,” असे मामा मला म्हणाले. जो शब्द निरुपद्रवी होता त्याला आम्ही सारे घर घाबरले आणि जो शब्द सावध करीत होता तो घडी घालून ठेवला. ती घडी माझ्या हाताने घातली गेली, हे मी विसरू शकत नाही.

नाव शेवटाकडून वाचावे

मराठी व्याकरणात आपण प्रत्यय शिकतो. ‘गोडवा’ या शब्दात ‘वा’ आणि ‘लहानपण’ या शब्दात ‘पण’ हा शेवटचा भाग शब्दाला विशिष्ट अर्थ देतो. वैद्यकातील शब्दांचीही घडण अशीच असते. शब्दाचा पहिला भाग बहुधा ‘कोठे’ ते सांगतो: यकृतात, सांध्यात, मज्जातंतूंत. शेवटचा भाग ‘काय’ ते सांगतो: दाह झाला आहे, गाठ आहे, वेदना आहे की काही कापून काढले आहे. म्हणून असा शब्द समोर आला की आधी त्याचा शेवट पाहावा.

हे शेवट मुख्यतः ग्रीक भाषेतले आहेत. त्यामागे इतिहास आहे. कॉस बेटावरचा हिपोक्रेटिस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. त्याच्या परंपरेतील वैद्यांनी आजारांची वर्णने ग्रीक भाषेत लिहून ठेवली. पुढे दुसऱ्या शतकात गॅलेन रोममध्ये वैद्यकी करीत असे, तरी त्याने ग्रंथ लिहिले ते ग्रीकमध्येच. युरोपातील वैद्यक शतकानुशतके या ग्रंथांवर पोसले गेले. मग एकोणिसाव्या शतकात नवे आजार आणि नव्या शस्त्रक्रिया यांना नावे देण्याची वेळ आली, तेव्हा युरोपातील डॉक्टरांनी त्याच जुन्या साठ्यातून तुकडे उचलून जोडले. आपणही नव्या वस्तूला नाव देताना संस्कृतकडे वळतो, तसेच हे.

आणि ग्रीक आपल्याला वाटते तितकी परकीही नाही. ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ ही पाटी आपण सर्वांनी वाचलेली असते. त्यातला ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंत्रोन’पासून आला आहे. टोकदार अणी, म्हणून वर्तुळ काढताना कंपासाचे टोक जेथे रोवतात तो बिंदू, असा त्याचा अर्थ. प्राचीन काळी ज्योतिषाच्या देवघेवीतून तो संस्कृतात आला. पत्रिकेतील ‘होरा’ही तसाच, इंग्रजीत तासाला जो शब्द आहे तो त्याचाच भाऊबंद होय. तेव्हा हे पाहुणे आपल्या घरी पूर्वीही येऊन गेले आहेत.

आयटिस : दाह

सर्वांत अधिक भेटणारा शेवट ‘आयटिस’ हा आहे. ग्रीक भाषेत त्याचा मूळ अर्थ केवळ ‘अमुक अवयवाचा’ किंवा ‘अमुकाशी संबंधित’ एवढाच होता. त्यापुढे आजार या अर्थाचा ‘नोसोस’ हा स्त्रीलिंगी शब्द येई. सांध्याला ‘आर्थ्रॉन’ म्हणत, म्हणून ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे सांध्याचा आजार. पुढे ‘नोसोस’ गळून पडला, उरलेला शब्द एकटाच वावरू लागला आणि कालांतराने ‘आयटिस’ला ‘दाह’ असा निश्चित अर्थ आला. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने नोंदवून ठेवली आहेत; ती आजही तशीच शिकवली जातात.

यकृताला ‘हेपार’, म्हणून हिपॅटायटिस म्हणजे यकृतदाह. जठराला ‘गास्टेर’, म्हणून गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा दाह. अपेंडिसायटिस हे नाव तुलनेने अलीकडचे आहे. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 मध्ये ते रूढ केले. त्यात अवयवाचे नाव लॅटिन आणि शेपूट ग्रीक, असा संकर आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘आयटिस’ दाह झाला आहे एवढेच सांगतो, कशाने झाला ते सांगत नाही. हिपॅटायटिस दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूमुळे होतो, रक्तावाटे आलेल्या विषाणूमुळे होतो, मद्यामुळे होतो आणि काही औषधांमुळेही होतो. म्हणून असा शब्द दिसला की डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न एकच: “हा दाह कशामुळे झाला?” उपचार आणि घरातील इतरांनी घ्यावयाची काळजी या उत्तरावर अवलंबून असते.

ओमा : गाठ, पण नेहमी नव्हे

ज्याने मामींची झोप उडवली तो हा शेवट. ग्रीकमध्ये ‘ओमा’ क्रियेचे फळ दाखवतो, म्हणजे जे घडून तयार झाले ते. ‘डिप्लोमा’ म्हणजे दुहेरी घडी घातलेला कागद, यातही तोच शेवट आहे, आणि डिप्लोम्याला कोणी घाबरत नाही! वैद्यकात मात्र तो हळूहळू ‘गाठ’ या अर्थी स्थिरावला. आपल्या परिभाषेत त्यासाठी ‘अर्बुद’ हा शब्द आहे. तो सुश्रुतसंहितेइतका जुना असून निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचे वर्णन शेजारी शेजारी आले आहे.

‘ओमा’ दिसला की त्याच्या आधीचा भाग पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. लायपोमा ही चरबीची गाठ. फायब्रोमा तंतुमय ऊतकाची आणि गर्भाशयाचा मायोमा स्नायूच्या ऊतकाची. या गाठी सहसा कर्करोगाच्या नसतात. हिमॅटोमा ही तर खरी वाढही नव्हे. मार लागल्यावर आत साचलेले रक्त ते. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू आणि ट्रॅकोमा म्हणजे खुपऱ्या. या दोहोंत गाठीचा संबंधच नाही. ‘ट्राखुस’ म्हणजे खरबरीत आणि पापणी आतून खरबरीत होते, म्हणून ट्रॅकोमा.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कार्सिनोमा आणि सार्कोमा हे कर्करोगच होत. लिम्फोमा आणि मेलानोमा ही नावे लायपोमासारखीच मवाळ वाटतात, तरी तेही कर्करोगच आहेत आणि त्यांच्या उपचारात दिरंगाई परवडत नाही. कार्सिनोमातील ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, म्हणून प्राचीन वैद्यांनी हे नाव दिले. आपल्या ‘कर्करोग’ या शब्दातला कर्कही खेकडाच. खडपात हात घालून कुर्ल्या पकडणाऱ्या माझ्या मामांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “कुर्ली धरली की सोडीत नाय, खरं आहे.”

तेव्हा येथे विचारावयाचा प्रश्न असा: “ही गाठ साधी आहे की कर्करोगाची, आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरवले?” शेपटावरून भीती बाळगू नये, तसा दिलासाही मानू नये.

ओसिस : अवस्था

‘ओसिस’ म्हणजे एखादी प्रक्रिया किंवा तिच्यातून आलेली अवस्था. ती बहुधा हळूहळू येते. ‘थ्रॉम्बोस’ म्हणजे गुठळी, म्हणून थ्रॉम्बोसिस म्हणजे वाहिनीत रक्ताची गुठळी होणे. (गुठळी मात्र अचानकही होऊ शकते.) ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे सच्छिद्र, ठिसूळ होणे. यकृताच्या सिरोसिसला हे नाव फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी 1819 मध्ये दिले. ‘किर्रोस’ म्हणजे पिवळसर तांबूस. आजारी यकृताचा रंग त्यांनी पाहिला आणि त्यावरून नाव ठेवले. हेच लेनेक स्टेथोस्कोपचे जनक होत. कोकणात भातलावणीच्या दिवसांत ज्याची धास्ती असते तो लेप्टोस्पायरोसिसही याच कुळातला: बारीक, मळसूत्रासारख्या वेटोळ्यांच्या जंतूमुळे आलेली अवस्था. पायाला जखम असताना चिखलात उतरू नये, असे का सांगतात, ते यावरून ध्यानात यावे; जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातील जंतू त्या जखमेतून शिरतो.

मानदुखीच्या पुष्कळ रुग्णांना आपण ‘स्पॉन्डिलायटिस झाला आहे’ असे म्हणताना ऐकतो. वस्तुतः कागदावर पुष्कळदा ‘स्पॉन्डिलोसिस’ असते. ‘स्पॉन्डिलोस’ म्हणजे मणका. पहिला शब्द मणक्यांचा दाह सांगतो, दुसरा वयोमानाने होणारी झीज सांगतो. एका शेपटाच्या फरकाने आजार बदलतो, उपचार बदलतो आणि चिंतेचे प्रमाणही बदलते.

एमिया आणि युरिया : रक्त आणि मूत्र

‘हाइमा’ म्हणजे रक्त. त्यातून ‘एमिया’ हा शेवट आला. ॲनिमिया म्हणजे शब्दशः ‘रक्त नसणे’. आपण त्याला रक्तक्षय म्हणतो. ल्युकेमिया म्हणजे ‘पांढरे रक्त’. हे नाव जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी 1847 मध्ये दिले. ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड, म्हणून ग्लायसेमिया म्हणजे रक्तातील साखर. तिच्या मागे ‘हायपर’ असेल तर साखर वाढलेली आणि ‘हायपो’ असेल तर घटलेली. मधुमेही माणसाच्या घरातील प्रत्येकाने या दोन उपसर्गांतील भेद पाठ करून ठेवावा, कारण दोहोंवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. घाम फुटून, हातपाय थरथरून साखर उतरल्याची लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असला, तर त्याला लगेच साखरपाणी द्यावे लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

‘ऊरोन’ म्हणजे मूत्र, त्यातून ‘युरिया’. हिमॅटुरिया म्हणजे मूत्रातून रक्त जाणे, अल्ब्युमिनुरिया म्हणजे मूत्रातून प्रथिन जाणे. आपल्याकडे याच कामासाठी ‘मेह’ हा शब्द आहे. ‘मिह्’ म्हणजे मूत्रविसर्जन करणे. प्रमेह, मधुमेह हे शब्द त्यातूनच झाले. ‘अतिसार’ पाहा, त्यातील ‘सार’ वाहण्याचा अर्थ देणाऱ्या ‘सृ’ धातूपासून आला. ग्रीक ‘डायरिया’चा अर्थही ‘आरपार वाहणे’ असाच आहे. दोन दूरच्या भाषांतील वैद्यांनी एकच गोष्ट पाहिली आणि एकाच रीतीने तिला नाव दिले.

पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णाच्या कागदावर आणखी एक शेवट भेटतो: ‘पीनिया’, म्हणजे दारिद्र्य. थ्रॉम्बोसायटोपीनिया म्हणजे गुठळी घडविणाऱ्या पेशींचे, आपण ज्यांना प्लेटलेट म्हणतो त्यांचे, दारिद्र्य. हाडांबाबत ऑस्टिओपीनिया असे लिहिलेले असेल, तर हाडांचा ठेवा घटू लागला आहे, पण अजून ऑस्टिओपोरोसिसची पायरी आलेली नाही. सावध होण्याची ती योग्य वेळ होय.

अल्जिया आणि पथी : वेदना आणि विकार

‘आल्गोस’ म्हणजे वेदना. मायाल्जिया म्हणजे स्नायूंची वेदना, न्युरॅल्जिया म्हणजे मज्जातंतूंची. आयुर्वेदातील ‘शूल’ हेच काम करतो: शिरःशूल, उदरशूल. आणि चाकरमान्यांच्या प्रदेशात सांगायलाच हवे असे एक नाव येथे आहे. 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या तरुण अभ्यासकाने बाझेल येथे एक प्रबंध लिहिला. घरापासून दूर राहिलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या झुरणीला त्याने आजार मानले आणि ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे, त्यापुढे ‘अल्जिया’ जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव बनवले. आज तो आजार राहिला नाही, शब्द उरला. गणपतीच्या आधी आठ दिवस कोकण रेल्वेची गर्दी पाहिली की होफरचे निदान अगदीच चुकले होते, असे म्हणवत नाही.

‘पॅथोस’ म्हणजे भोगणे, दुःख. त्यातून ‘पथी’ आला आणि त्याचे दोन अर्थ रूढ झाले. होमिओपथी या शब्दात तो उपचारपद्धती दाखवतो, म्हणून आपल्याला तो सौम्य वाटतो. अवयवाच्या नावापुढे आला की मात्र तो त्या अवयवाचा विकार दाखवतो. रेटिनोपथी म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याचा विकार, नेफ्रोपथी म्हणजे मूत्रपिंडाचा आणि न्यूरोपथी म्हणजे मज्जातंतूंचा. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेला मधुमेह या तिन्ही ठिकाणी पोचतो. या विकारांचे वैशिष्ट्य असे की आरंभी ते दुखत नाहीत. दाह ओरडून सांगतो, ‘पथी’ मुकाट्याने येतो.

मामांच्या कागदावरील ‘पेरिफेरल’ या शब्दाचे मूळही ग्रीकच. त्याचा अर्थ परिघावरचा. हातापायांच्या टोकांकडे जाणारे मज्जातंतू बिघडले आहेत, संवेदना कमी झाली आहे, एवढी मोठी गोष्ट त्या दोन शब्दांत मावली होती. ती वेळीच कळती, तर पुढील गोष्टी आम्हाला करता आल्या असत्या आणि आपल्याला त्या आजच करता येतील. अनवाणी चालू नये, घरातसुद्धा. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा दुसऱ्याला पाहायला सांगावे. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकावी. पाणी किती कढत आहे ते पायाने अजमावू नये. पाय शेकू नयेत. फोड किंवा चीर दिसली तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवावी. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवून ती तपासतात आणि त्याला फार वेळही लागत नाही.

तपासणी की शस्त्रक्रिया?

रुग्णालयात सही करण्याची वेळ येते तेव्हा आणखी काही शेवट उपयोगी पडतात. ‘ग्राफी’ म्हणजे लिहिणे, रेखाटणे. ‘ग्राम’ म्हणजे जे रेखाटले गेले ते. ‘स्कोपी’ म्हणजे पाहणे. ‘प्लास्टी’ म्हणजे घडवणे; प्लास्टिक हा शब्दही त्याच धातूचा. हृदयाच्या रुग्णाचे नातेवाईक ‘ॲन्जिओ करायला सांगितली’ एवढेच म्हणतात. पण ॲन्जिओग्राफी म्हणजे वाहिनीचे चित्र काढणे आणि ॲन्जिओप्लास्टी म्हणजे अरुंद झालेली वाहिनी रुंद करणे. पहिली तपासणी आहे, दुसरा उपचार. संमतिपत्रावर नेमके काय लिहिले आहे, हे वाचूनच सही करावी.

‘टोमे’ म्हणजे कापणे. ‘टोमी’ म्हणजे छेद देणे. त्याच्या आधी ‘बाहेर’ या अर्थाचा ‘एक’ आला की होतो ‘एक्टोमी’, म्हणजे कापून बाहेर काढणे. हिस्टरेक्टोमी म्हणजे गर्भाशय काढणे, कोलेसिस्टेक्टोमी म्हणजे पित्ताशय काढणे. ‘स्टोमा’ म्हणजे तोंड, म्हणून ‘ऑस्टोमी’ म्हणजे नवे तोंड तयार करणे; कोलोस्टोमीत मोठ्या आतड्याला पोटाच्या भिंतीवर मार्ग करून देतात. “आईचे कोणते ऑपरेशन झाले?” या प्रश्नाला पुष्कळ घरांत “पिशवीचे” एवढेच उत्तर मिळते. गर्भपिशवी काढली की केवळ आतील गाठ काढली, बीजकोश ठेवले की काढले, हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असणे आवश्यक असते. कार्डावरील शेवटची अक्षरे ते सांगतात.

मर्यादा ओळखावी

वाचकहो, एवढे वाचल्यावर कोणी घरोघरी निदान करीत फिरू नये. मुंबईच्या त्या नातलगांची चूक अज्ञानाची नव्हती; अर्धवट ज्ञानाची होती. ‘ओमा’चा एक अर्थ त्यांना ठाऊक होता आणि तो त्यांनी सर्वत्र लावला. माझी चूक याहून वेगळी नव्हती. एक शेवट ओळखता आला, म्हणून सारा कागद कळला असे मी मानले.

शब्दही फसवतात. ‘कोमा’मध्ये ‘ओमा’ ऐकू येतो, पण तेथे प्रत्यय नाही. गाढ झोप या अर्थाचा तो स्वतंत्र शब्द आहे. ‘डायग्नोसिस’ ऐकून ‘ओसिस’ आठवेल, पण त्यात ‘ग्नोसिस’ म्हणजे जाणणे आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसला नाव दाहाचे असले तरी त्यात झिजेचा वाटा मोठा असतो. शिवाय आजार किती पुढे गेला आहे, हे कोणताही शेवट सांगत नाही. ते काम डॉक्टरांचे, आणि ते त्यांनाच विचारावे.

विचारता यावे, एवढ्यासाठीच हे ज्ञान हवे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याने नाना शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आणि मराठी प्रतिशब्द उपलब्ध करून दिले. पण आपल्या हाती येणारा कागद अजूनही इंग्रजीतच असतो आणि त्यातील शब्द ग्रीकांचे असतात. तो मराठीत येईपर्यंत आपण थांबू शकत नाही.

म्हणून येत्या रविवारी एक काम करावे. घरातील ती पिशवी काढावी. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा नातीला जवळ बसवावे. एक वही घ्यावी, प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवावे. कागदांवरील लांबलचक शब्द देवनागरीत उतरवून त्यांचा शेवट अधोरेखित करावा आणि पुढे अर्थ लिहावा. जो कळत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे आणि पुढच्या भेटीत ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवावी. गर्दीच्या वेळी त्यांना फार बोलायला सवड नसते. पण नेमका प्रश्न विचारणाऱ्याला ते बहुधा नेमके उत्तर देतात.

नाट्याला आता अशी वही आहे. ती मामींच्या हातची. मामांच्या पानावर ‘न्यूरोपथी’ हा शब्द त्यांनी लाल शाईने लिहिला आहे आणि खाली लिहिले आहे, “दुखले नाही तरी बघायचे.” रोज रात्री जेवणे झाली की मामा ओटीवर पाय पसरून बसतात आणि मामी विजेरी घेऊन त्यांचे तळपाय पाहतात. गेल्या शिमग्यात मामा पालखीबरोबर पुन्हा सड्यावर गेले. पायांत वहाणा होत्या. देवाने काही वाईट वाटून घेतले असेल, असे गावात कोणालाही वाटले नाही.